ट्रॅव्हल सॉफ्टबॉलमध्ये नवीन आहात? मुलीच्या प्लेइंग टाइमबद्दल आधी हे वाचा

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात माझी आई सांगलीहून आमच्याकडे न्यू जर्सीला आली होती. एका रविवारी तिलाही टूर्नामेंटला घेऊन गेलो, कॅनोपीखाली खुर्ची टाकून दिली, थर्मासमधला चहा दिला, आणि ती नातीला बघायला सरसावून बसली. दोन इनिंग (दोन्ही टीमची एकेकदा बॅटिंग म्हणजे एक) झाल्या, तीन झाल्या, नात आपली डगआउटच्या (टीम बसते त्या जागेच्या) जाळीत बोटं अडकवून उभी. आईने हळूच विचारलं, "आपली पोर बाहेरच का गं? पैसे तर सगळ्यांएवढेच भरलेत ना?" मला उत्तर देता आलं नाही, कारण मलाच माहीत नव्हतं. टीममध्ये घेताना कोच म्हणाला होता की सगळ्यांना खेळायला मिळेल, मी ते तसंच धरून चालले, आणि किती मिळेल, शनिवारी की रविवारी, कुठल्या पोझिशनला, यातलं काहीच विचारलं नव्हतं.

आता लेक १२यू (१२ वर्षांपर्यंतच्या गटा) मध्ये आहे, टीम दुसरी आहे, आणि दर जुलै-ऑगस्टला मराठी मंडळातल्या कुणाचा तरी फोन येतोच की मुलीला ट्रॅव्हलला घालायचंय, काय बघू, कुणाला विचारू. प्रत्येकाला तासभर तेच सांगते, म्हणून एकदा क्रमाने लिहून काढतेय.

आधी रेक आणि ट्रॅव्हलमधला फरक

टाउनच्या रेक (रिक्रिएशनल) लीगमध्ये बहुतेक ठिकाणी नियमच असतो की प्रत्येक मुलीला ठरावीक इनिंग खेळवायच्या आणि सगळ्यांनी बॅटिंग करायची. ट्रॅव्हलमध्ये सहसा असा नियम नसतो. ट्रायआउट (निवड चाचणी) होते, टीम निवडली जाते, फी भरायची (काही शे डॉलरपासून काही हजारांपर्यंत, टीमवर अवलंबून), आणि कोण खेळणार ते कोच ठरवतो. बऱ्याच भागात ऑगस्टच्या आसपास ट्रायआउट, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फॉल बॉल, थंडीत इनडोअर प्रॅक्टिस, आणि एप्रिलपासून जुलैअखेरपर्यंत वीकेंड टूर्नामेंट असं वर्ष असतं. टूर्नामेंट यूएसए सॉफ्टबॉल, यू-ट्रिपल-एस-ए, पीजीएफ अशा वेगवेगळ्या संस्थांच्या नियमांनी होतात, त्यामुळे वयाची कटऑफ तारीख आणि टाइम लिमिट टीमलाच विचारून घ्या, शेजारणीच्या मुलीच्या टीमवरून अंदाज बांधू नका.

अजून एक गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. दर वयोगटात खेळाचं माप बदलतं. १०यू ला ११ इंची बॉल आणि ३५ फुटांवरून पिचिंग, १२यू ला १२ इंची बॉल आणि ४० फूट, १४यू पासून ४३ फूट आणि मग कॉलेजपर्यंत तेच. म्हणजे १०यू मध्ये जी मुलगी शॉर्टस्टॉपला (सेकंड आणि थर्ड बेसमधल्या जागेवर) चमकत होती तिच्या हातात १२यू ला अचानक मोठा बॉल येतो, पकड बसत नाही, थ्रो टप्पे खात फर्स्ट बेसला जातो, आणि तेवढ्यात दुसरीच कुणीतरी उंच होऊन पुढे जाते. आज बेंचवर आहे म्हणून मुलगी कच्ची आहे असं लगेच ठरवू नका, आणि आज सगळ्या इनिंग खेळतेय म्हणून निर्धास्तही राहू नका.

पायरी १: कागद-पेन घेऊन इनिंग मोजा

१२यू चा पूल गेम (सुरुवातीची साखळी मॅच) साधारण ७५ मिनिटांचा धरला तर ४-५ इनिंग होतात. ५ धरू. मैदानात ९ मुली, म्हणजे एकूण ४५ जागा. रोस्टर (टीममधल्या एकूण मुली) १२ चं असेल आणि अगदी समान वाटलं तरी एका मुलीला पावणेचार इनिंग येतात. पण समान वाटप होत नाही, कारण पिचर (बॉल टाकणारी), कॅचर (बॅटरच्या मागे बसून झेलणारी) आणि शॉर्टस्टॉप या तिघींना कोच सहसा हलवत नाही. मग उरल्या ६ जागा, ५ इनिंगच्या ३०, आणि त्या वाटायच्या ९ मुलींत, म्हणजे सव्वातीन-साडेतीन इनिंग. रोस्टर १४ चं असेल तर त्याच ३० जागा ११ मुलींत, म्हणजे तीनही पूर्ण येत नाहीत. हे गणित मी पैसे भरायच्या आधी केलं असतं तर त्या रविवारी आईला उत्तर तरी देता आलं असतं. आमचं रोस्टर १४ चं होतं.

कोचची बाजूही लक्षात घ्या, १० मुलींची टीम ठेवली आणि दोघी आजारी पडल्या की शनिवारी सकाळी ८ ला नऊ मुलीही पुऱ्या होत नाहीत, म्हणून ११-१२ मुली ठेवणं रास्त आहे. १३-१४ दिसल्या की मात्र का ते विचारा.

बॅटिंगचं वेगळं गणित. कधी सगळ्या रोस्टरने बॅटिंग करायची असते, कधी ९ अधिक एक-दोन एक्स्ट्रा हिटर (फक्त बॅटिंग करणाऱ्या), कधी फक्त ९. शनिवारी पूल प्लेमध्ये बऱ्याच टीम सगळ्यांना बॅटिंग देतात आणि रविवारी ब्रॅकेट (बाद फेरी) सुरू झालं की ९ किंवा १० वर येतात. माझ्या लेकीचं हेच व्हायचं, शनिवारी सहा वेळा बॅट हातात आणि रविवारी एकदाही नाही. आणि "नियमात बसत नाही म्हणून मध्ये बदलता येत नाही" असं कुणी सांगितलं तर एक लक्षात ठेवा, सॉफ्टबॉलमध्ये सुरुवातीला खेळणारी मुलगी बाहेर जाऊन बॅटिंगच्या आपल्याच क्रमांकावर एकदा परत येऊ शकते. क्रिकेटसारखं एकदा आउट म्हणजे दिवस संपला असं नाही. कोचच्या मनात असेल तर दोन इनिंगसाठी दुसरीला आत घालून पहिलीला परत आणता येतं.

पायरी २: ऑफर आल्यावर एक दिवस मागून घ्या आणि विचारा

ट्रायआउटच्याच रात्री फोन किंवा मेसेज येतो, उद्यापर्यंत सांगा, जागा भरतायत. घाई होते. तरी फोनवर दहा मिनिटं मागा आणि हे विचारा: रोस्टर किती मुलींचं ठेवणार, पिचर किती आहेत, माझी मुलगी तुम्हाला कुठल्या दोन पोझिशनला दिसते, रविवारी लाइनअप कसा ठरतो, बाहेरून पिकअप प्लेयर (एखाद्या टूर्नामेंटपुरत्या दुसऱ्या टीमच्या मुली) आणता का आणि आणल्या तर कुणाच्या जागी खेळतात, आठवड्यात प्रॅक्टिस किती आणि थंडीत कुठे, आणि फीमध्ये काय येतं काय नाही. कोचेसचं बॅकग्राउंड चेक आणि सेफस्पोर्ट (खेळाडूंशी होणारे गैरप्रकार रोखायचं) ट्रेनिंग झालंय का हेही न लाजता विचारा, चांगली टीम लगेच सांगते. रविवारच्या प्रश्नाला नीट उत्तर देणारा कोच मला जास्त आवडतो, मग ते उत्तर "रविवारी मी जिंकायला खेळवतो" असं का असेना, निदान आपल्याला माहीत असतं.

आणि जमलं तर टीमची एक प्रॅक्टिस लांबून बघून या. हा माझा सगळ्यात मोठा सल्ला आहे. मी दुसरी टीम शोधताना दोन प्रॅक्टिस बघितल्या, फोनवर टायमर लावून एका एका मुलीवर लक्ष ठेवलं. पहिल्या ठिकाणी एक कोच बॅटने बॉल मारतोय आणि १२ मुली एका रांगेत उभ्या, २० मिनिटांत त्या मुलीच्या ग्लोव्हमध्ये ६ बॉल आले, बाकी वेळ ती पायाने माती उकरत होती. दुसऱ्या ठिकाणी मैदानाचे तीन भाग केलेले, एकीकडे टी (बॉल ठेवायचा स्टँड) आणि नेट, एकीकडे बंट (बॅट न फिरवता बॉल हळूच टेकवणं), एकीकडे दोन मोठी माणसं गुडघ्यावर बसून हातानेच ग्राउंडर (जमिनीवरून जाणारे बॉल) टाकतायत, तेवढ्याच वेळात ४० च्या वर बॉल झाले. त्या दुसऱ्या टीमचं नाव कुणी ऐकलेलं नव्हतं, जर्सी साधी होती, आम्ही तिथे गेलो.

नावाच्या मागे लागू नका असं मी अगदी मनापासून सांगते. १०यू, १२यू ला मोठ्या क्लबच्या अ टीममध्ये बेंचवर बसण्यापेक्षा ब टीममध्ये प्रत्येक मॅच खेळणं मुलीसाठी चांगलं, आणि कॉलेजची चिंता आत्ता नको. डिव्हिजन १ (कॉलेज खेळांतला सगळ्यात वरचा गट) चे कोच मुलीशी बोलूच शकतात ते ती अकरावीत गेल्यावर १ सप्टेंबरपासून. दहा वर्षांच्या मुलीकडे आत्ता कुणी बघत नाहीये, तिला शिकू द्या.

पायरी ३: एका वीकेंडला बॉल मोजा

हे मी एकदा केलं आणि माझं डोकंच जाग्यावर आलं. लेक तेव्हा राइट फील्डला असायची. शनिवार-रविवार मिळून पाच मॅच, मी वहीत रेघा मारत बसले. दोन दिवसांत तिच्याकडे बॉल आले ४. त्यातले दोन जमिनीवरून, एक हवेत, आणि एक फर्स्टच्या मागे ओव्हरथ्रो झालेला, जो तिने धावत जाऊन उचलला. दोन दिवस, सकाळी ५ ला उठून दीड तास ड्राइव्ह, हॉटेल, आणि ४ बॉल. त्याच आठवड्यात बुधवारी घरामागच्या पार्कात नवऱ्याने तिला अर्ध्या तासात ६० ग्राउंडर टाकले होते.

तोपर्यंत मी इनिंगसाठी भांडत होते, मनातल्या मनात आणि घरी येऊन नवऱ्याशी. मॅचमध्ये उभं राहायला मिळालंच पाहिजे, त्याशिवाय भीती जात नाही, प्रेशरमध्ये निर्णय घेता येत नाही, हे खरंच आहे. पण हात तयार होतात ते प्रॅक्टिसमध्ये आणि घरी, आणि हात तयार झाले की कोचला तिला बाहेर ठेवणं अवघड जातं. त्या वीकेंडनंतर आम्ही क्रम बदलला, आधी बुधवार, मग रविवार.

पायरी ४: घरी काय करायचं

रोज तासभर नको, मुलगी कंटाळते. आठवड्यातून चार दिवस २० मिनिटं पुरतात. सामान थोडंच लागतं, एक टी, एक नेट, एक बादली बॉल, आणि बेसमेंटच्या भिंतीवर मारायला टेनिस बॉल.

ग्राउंडरसाठी उघड्या हाताने किंवा छोट्या ग्लोव्हने सुरुवात करा. ग्लोव्ह जमिनीला टेकलेला, तोंड बॉलकडे, दुसरा हात वरून झाकण घातल्यासारखा. खालून वर येणं सोपं असतं, वरून खाली जाताना बॉल पायातून निघून जातो. १० समोर, १० ग्लोव्हच्या बाजूला, १० बॅकहँड (ग्लोव्हच्या उलट बाजूला हात वळवून). बॅकहँडचे १० कधी सोडू नका, मुली तेच टाळतात आणि मॅचमध्ये बॉल नेमका तिकडेच येतो. बेसमधलं अंतर ६० फूट, पळणारी मुलगी तीन-चार सेकंदांत फर्स्टला पोहोचते, एकदा बॉल हातातून निसटला की आउट करायची संधी गेली.

थ्रोमध्ये ग्लोव्हचा खांदा टारगेटकडे, कोपर खांद्याच्या उंचीला, आणि शेवटी मनगट. गुडघ्यावर बसवून फक्त मनगटाने १५ थ्रो करून घ्या.

क्रिकेट खेळलेल्या बाबांना एक विनंती आहे. तुमची उंच कॅचची नजर खूप कामाची आहे, ती मुलीला द्या, बॉल बॅटवरून निघाल्या निघाल्या पहिलं पाऊल मागे टाकायला शिकवा. पण दोन तळव्यांत बॉल झेलत हात छातीकडे घ्यायची सवय इथे चालत नाही, ग्लोव्हच्या खिशात झेलायचं, कमरेच्या वर बोटं वर, कमरेच्या खाली बोटं खाली. आणि बॅटिंगमध्ये सरळ बॅट, डावं कोपर वर हे तर अजिबात सांगू नका, इथे ताकद कंबर फिरवून येते. आमच्याकडे मुलगी वर्षभर दोन सल्ल्यांमध्ये अडकली होती, शेवटी नवऱ्याने बॅटिंगबद्दल बोलणं थांबवलं आणि नुसतं टीवर बॉल ठेवायला लागला, मग स्विंग मोकळा झाला. बॅट घेताना ड्रॉप बघा, म्हणजे इंचातली लांबी वजा औंसातलं वजन, २९ इंच १९ औंस म्हणजे ड्रॉप १०. पुढच्या वर्षीही चालेल म्हणून मोठी, जड बॅट घेऊ नका, कपड्यांसारखं नाहीये ते.

प्लेइंग टाइमचा सगळ्यात सरळ रस्ता म्हणजे कॅचर व्हायला शिकणं. उन्हात तो सगळा गियर घालून बसायला फार मुली तयार नसतात आणि प्रत्येक टीमला दोन तरी लागतात. मुलीला आवडत असेल तरच, जबरदस्ती नको. पिचिंगही तसंच, पण त्याची तयारी वेगळीच, आठवड्याचा लेसन, रोजची प्रॅक्टिस, घरातलं कुणीतरी उलट्या बादलीवर बसून झेलायला, आणि मॅचमध्ये भरवशाने स्ट्राइक पडायला एक-दोन वर्षं जातात. अंडरहँड आहे म्हणून खांदा दुखत नाही हा गैरसमज आहे, विंडमिल (हात गोल फिरवून) पिचिंगनेही खांद्यावर ताण येतो, आणि बऱ्याच ट्रॅव्हल टूर्नामेंटमध्ये एका मुलीने किती बॉल टाकायचे याची मर्यादा नसते. त्यामुळे मोजायचं काम आपलं. मुलगी दुखतंय म्हणाली की थांबवायचं, फायनल असली तरी.

पायरी ५: बोलायचं मुलीने, आपण नाही

मॅच संपल्या संपल्या कोचकडे जाऊ नका. बऱ्याच टीममध्ये २४ तासांचा नियमच असतो, तुमच्या टीममध्ये नसेल तरी पाळा, डोकं तापलेलं असताना जे बोललं जातं ते परत घेता येत नाही. आणि १०-११ वर्षांपासून प्रश्न मुलीनेच विचारायला हवा. आपल्या घरांत मोठ्यांना उलट विचारू नये अशी शिकवण असते, माझ्या लेकीला तर कोचशी डोळ्यांत बघून बोलायलाही जमायचं नाही. आम्ही ते घरी स्वयंपाकघरात तिच्याशी बोलून बोलून बसवलं, मी पोळ्या लाटतेय आणि ती मला कोच म्हणतेय. "मला का खेळवत नाही" असं विचारायचं नाही, "मला इनफील्ड खेळायचंय, त्यासाठी मी काय सुधारू" असं विचारायचं.

एका गुरुवारी प्रॅक्टिस संपल्यावर ती गेली. मी गाडीत बसून बघत होते, बॅग खांद्यावर, टोपी हातात गोल गोल फिरवतेय, मला इथे धडधडतंय. दोन मिनिटं झाली असतील. परत आली आणि म्हणाली, "आई, कोच म्हणाला बॅकहँड, आणि माझा थ्रो फर्स्टला दोन टप्पे खातो, एक टप्पा झाला की सेकंडला ट्राय करू." इतकं स्पष्ट उत्तर मला वर्षभरात कधी मिळालं नव्हतं. कारण मी कधी असा प्रश्नच विचारला नव्हता. सहा आठवड्यांनी एका पूल गेममध्ये शेवटच्या दोन इनिंग ती सेकंड बेसला होती.

दोन-तीनदा नीट विचारूनही "बघू, मेहनत करत राहा" एवढंच येत असेल तर मग आईबाबांनी वेळ ठरवून भेटावं, तेही मुलीबद्दलच बोलायला. दुसऱ्या मुलीचं नाव तोंडातून काढायचं नाही, तिची आई पण त्याच कॅनोपीखाली बसते.

पायरी ६: टूर्नामेंटच्या दिवशी बेंचवर

बेंचवरच्या मुलीला काम असतं, हे तिला आधीच सांगून ठेवा. पिचर किंवा कॅचर बेसवर पोहोचली की बऱ्याच ठिकाणी कर्टसी रनर (तिच्याऐवजी पळणारी) येते आणि ती मैदानात नसलेली मुलगी असते, म्हणजे तिसरी इनिंग असो की पाचवी, हेल्मेट हाताशी आणि पाय गरम पाहिजेत. समोरच्या पिचरचा चेंजअप (मुद्दाम हळू टाकलेला बॉल) कधी येतो ते बघायला सांगा. आणि परतीच्या गाडीत आपण गप्प राहायचं. मी सुरुवातीला हायवेला लागायच्या आधीच सुरू व्हायचे, तिसऱ्या इनिंगला तू बॉल का सोडलास, आणि मागच्या सीटवर ती हेडफोन घालायची. आता काहीतरी खायला देते आणि ती बोलली तर ऐकते. बऱ्याचदा अर्ध्या तासाने स्वतःच बोलते.

पायरी ७: टीम बदलायची वेळ कधी

मुलगी बेंचवर आहे एवढ्यावरून बदलू नका. प्रॅक्टिसमध्ये तिला शिकवतात का, तिला काय सुधारायचंय हे सांगतात का, आणि ती ग्लोव्ह घेऊन स्वतः गाडीत बसते का, हे तीन प्रश्न मी विचारते. पहिल्या टीममध्ये तिन्हींचं उत्तर नाही होतं, शेवटी शेवटी तिचं शुक्रवार संध्याकाळी पोट दुखायला लागायचं, आणि मी ते महिनाभर खाण्यातलं काहीतरी म्हणून ओवा देत बसले.

बदलायचं ठरलं तर सीझन पूर्ण करा, मध्ये सोडलं की बाकीच्या ११ मुली अडकतात आणि फी सहसा परत मिळत नाही. शेवटच्या टूर्नामेंटनंतर, ट्रायआउटच्या आधी, कोचला फोन करा, मेसेज नको. फॉलमध्ये नवीन टीमबरोबर पिकअप म्हणून एखादी टूर्नामेंट खेळता आली तर बघा, पण आत्ताच्या कोचला सांगून, आणि रोस्टरचे नियम विचारून. ट्रायआउटला मुलीला तिची जुनीच बॅट आणि वापरून मऊ झालेला ग्लोव्ह द्या, नवीन कडक ग्लोव्हमधून बॉल बाहेर उडतो. पाठीवर नंबर लावायला चार सेफ्टी पिना घरूनच न्या, तिथल्या नेहमी संपलेल्या असतात.